गोलातून गोल वजा

लक्ष्मीपुरीत, फ्लेक्सच्या दुकानात, मागच्या खुर्चीवर
बावन्न वर्षांचा मी विद्यार्थी.
मास्तरीण बावीसची, नाझनीन बागवान.
म्हणाली, चौगुलेकाका, आठ दिवस ब्रश विसरा.
गोल, चौकोन, त्रिकोण. चौथं काही मागायचं नाही.
म्हटलं, बालवाडीत घातलंस की गं.
ती हसली नाही. तिला संध्याकाळपर्यंत
तीन वाढदिवसांचे बॅनर द्यायचे होते.

माझा हात हल्ली थरथरतो.
पहिल्यांदा थरथरला तो उद्यमनगरात, शिडीवर,
एका फाउंड्रीच्या पत्र्यावर:
‘कंपनी’तल्या अनुस्वाराला शेपूट फुटलं.
मालकाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.
अजून त्या रस्त्यानं जाताना
मान दुसरीकडं वळवतो.

इथं रेघ हातात नसते.
ती दोन ठिपक्यांच्या मध्ये राहते.
ठिपक्याला दोन मिशा फुटतात,
मिशी ओढली की रेघ वाकते,
सोडली की वाकलेली तशीच उभी.
पहिल्या दिवशी एका वक्राला मी चाळीस ठिपके घातले.
नाझनीन म्हणाली, वाकळ शिवताय का?
पुसत पुसत तिनं चार ठेवले.
रेघ तीच. उलट नितळ.
घरी जाताना रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो
आणि मोजत राहिलो, सगळ्या काठाला किती लागतील?
सहा? सात?
भेळवाला दोनदा विचारून गेला.

काम आलं गंगावेशीतून.
सर्जेराव पोवारांचा धारेचा कट्टा,
म्हैस समोर पिळायची, पेला फेसासकट हातात.
त्यांना पेल्यावर छापायला म्हैस हवी होती.
माझी म्हैस म्हणजे एके काळी केसन् केस,
डोळ्यात पाण्याचा पांढरा ठिपका, कासेवर शिरा,
शेपटीजवळ एक गोमाशी, ती फुकट.
इथं तीन आकार.
दोन दिवस नुसता शिंगांवर अडलो.
मग तिनं एक गोल काढला,
त्यावर दुसरा ठेवला, जरा वर सरकवून,
आणि वरचा खालच्यातून वजा केला.
उरली ती शिंगं. दोन्ही, एकदम.

मी उठून चहा सांगितला.
तीस वर्षं रंगावर रंग चढवत आलो,
काढून घेतल्यावर चित्र येतं
हे कुणी बोललंच नव्हतं.

खाली अक्षरं होती, ‘सकाळची धार’.
‘ळ’ मी दोन गोलांनीच बांधला.
गोल एकाच मापाचे, तरी अक्षर डावीकडं कलंडलेलं.
डावा केसभर लहान केला.
नाझनीननं मोठं करून बघितलं. काका, हे सारखे नाहीत.
म्हटलं, म्हणून तर सारखे दिसतात.
तिनं परत एकदा लहान केलं, परत मोठं केलं,
आणि तसंच राहू दिलं.

किती मोठं करावं याला इथं माप नाही,
पन्हाळ्याएवढं करा, कड फाटत नाही.
भिंतीसाठी मी नीळ लावलेली सुतळी टणकावून
चौकटी पाडायचो,
चौकटीगणिक चूक थोडी थोडी वाढायची.
इथंही चूक वाढते,
फक्त कडा स्वच्छ ठेवून.

पंधराव्या दिवशी सर्जेराव आले.
पडद्याकडं बघत राहिले. मिशीवरनं हात फिरवला.
“झ्याक हाय. पर ही कुणाचीबी म्हैस हाय.
आमच्या मोरणीचं डावं शिंग पडलंय खाली.”

नाझनीननं माउस माझ्याकडं सरकवला.
टोकाचा ठिपका धरला, ओढला.
हात थरथरला,
ठिपका ठरवल्यापेक्षा जरा जास्तच खाली गेला.
“बास बास,” सर्जेराव म्हणाले,
“तितकंच.”